दुकान काढले, विमा गेला

अमेरिकेत १९४२ साली, युद्धकाळात, पगारवाढीवर सरकारी बंधन आले. कामगार टिकवण्यासाठी मालकांनी आरोग्य विमा देऊ केला आणि विमा नोकरीला चिकटला तो आजतागायत. नोकरी सोडून स्वतःचा कारखाना काढणाऱ्या कारागिराला हप्ता स्वतःच भरावा लागतो. घरात आजारी माणूस असला तर तो धंद्याचा विचारच सोडतो. २०१० च्या कायद्याने सवलती दिल्या, तरी २०२३ मध्ये अडीच कोटींहून अधिक लोक विम्याविना होते. खर्च मात्र राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७ टक्क्यांवर! शेजारच्या कॅनडात डॉक्टर-इस्पितळाचा खर्च करातून भागतो, आणि एकूण खर्च १२ टक्क्यांच्या आसपास. अमेरिकन सरकारही ६५ वर्षांवरील नागरिकांना १९६५ च्या कायद्याने विमा देतेच. मग पन्नाशीच्या सुतारालाच का वगळावे, हे आम्हाला उमगत नाही.