दुधाच्या पिशवीतली दोरी

गोकुळची रिकामी पिशवी धुऊन तिची बोटभर पट्टी कापा आणि दोन्ही टोकं धरून सावकाश ओढा. पट्टी लांबते, मध्येच बारीक होते आणि तो बारीकपणा दोन्हीकडे पसरत जातो. शेवटी हातात उरते ती चिवट दोरी. तोडू गेलात तर बोट कापेल! प्लॅस्टिक तेच, मग हे बळ आलं कुठून?

पॉलिमरचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या, पण पिशवीत त्या बऱ्याचशा सुताच्या गुंत्यासारख्या पडलेल्या असतात. ओढलं की त्या सरळ होऊन एकमेकींशेजारी झोपतात आणि भार थेट साखळीच्या कड्यांवर येतो. याउलट एकतारी पाकाची तार चटकन तुटते, कारण साखरेचे रेणू आखूड. ते एकमेकांत गुंतून एकमेकांना धरून राहणार कसे?

1930 साली ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत ज्युलियन हिलने पॉलिस्टरचा वितळलेला गोळा काचेच्या कांडीवर घेऊन ओढला. थंड झालेला धागा आणखी ताणल्यावर तो अधिकच बळकट झाला. कृत्रिम धाग्यांचा सगळा धंदा या ताणण्यावर उभा आहे.

इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हा सगळा कारभार सुताचा. आता मागांवर पॉलिस्टरही असतं. ते साधारण 260 अंशांला वितळतं. शेवेच्या सोऱ्यातून पीठ दाबावं तसं ते बारीक भोकांतून दाबायचं, वाऱ्याने थंड करायचं आणि गुंडाळायचं. गुंडाळण्याचा वेग मिनिटाला 3000 मीटरच्या वर. म्हणजे कोल्हापूर ते इचलकरंजी पुरेल एवढा धागा दहा मिनिटांत! बाजारात ज्याला पीओवाय म्हणतात तो हाच, अर्धवट ताणलेला. पुढे गरम करून तो आणखी ताणला की मागावर चढायच्या लायकीचा होतो. कमी ताणलेला धागा मागावर लांबत बसतो. फार ताणलेला तुटतो. धागा पॉलिस्टरचा आहे एवढं सांगून काहीच कळत नाही, तो ओढला कसा हे विचारावं लागतं.

या कलेची कमाल हॉलंडमध्ये झाली. तिथे अतिलांब साखळ्यांचं पॉलिथिन द्रावकात विरघळवून गुंता सैल केला आणि धागा कितीतरी पट ताणला. पिशवीच्याच जातीचं हे प्लॅस्टिक वजनाला वजन लावलं तर पोलादाला मागे टाकतं. त्याची बुलेटप्रूफ जाकिटं होतात.

साखळ्यांना मात्र जुन्या गुंत्याची ओढ असते. उष्णता मिळाली की त्या पुन्हा आखडतात. म्हणून पॉलिस्टरच्या साडीवर इस्त्री फिरवताना उष्णतेचं बटण कमीवरच ठेवा.