झाकीर बदलला की आपण?

इंदूरचा स्टँडअप कॉमेडियन झाकीर खान मोठा झाला, यावर आमच्या घरात दुमत नाही. वाद आहे तो ‘डेलुलू एक्सप्रेस’वरून. २०२५च्या मार्चमध्ये हा त्याचा कार्यक्रम प्राइम व्हिडिओवर आला आणि इंदूरच्या सराफ्यात भुट्टे का कीस खाता खाता भाचा तणतणला, “आत्या, ‘हक से सिंगल’मध्ये कसा दणादण हशा होता! आता नुसत्या गोष्टी सांगतो.”

वहिनी कुठली ऐकून घेतेय! “अरे, तो चाळिशीकडे झुकलाय. पोरींपुढे न विरघळणारा ‘सख्त लौंडा’ म्हणून किती वर्षं मिरवायचं?”

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. २०१७च्या ‘हक से सिंगल’मध्ये प्रेमात आपटलेल्या पोराची फजिती होती, तिथे विनोद झटपट फुटतो. २०२२च्या ‘तथास्तु’त झाकीरनं आजोबांची, सारंगीवादक उस्ताद मोईनुद्दीन खान यांची आठवण सांगितली. अशा कथनात हशा लांबतो, मधल्या शांततेलाही काम असतं. ती जमली नाही, तर मात्र कार्यक्रम रेंगाळतो.

मराठी माणसाला हे नवं नाही. पु. लं.च्या ‘बटाट्याची चाळ’चा शेवटही अंतर्मुख करतो, म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. ऑगस्ट २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाकीरनं हिंदीतून कार्यक्रम केला, तोही गोष्टींच्याच जोरावर. माझं मत वहिनीच्या पारड्यात. फक्त गोष्टीला थोडी कात्री लावली असती, तर भाच्याचंही समाधान झालं असतं.