हातांची सनद

अंगाला हात लावून आराम देण्याच्या क्रियेला मराठीत एक शब्द पुरत नाही. चोळणे, चेपणे, रगडणे, मळणे, थोपटणे ही क्रियापदे घरोघरी नेमक्या भेदाने वापरली जातात, आणि फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला मसाजचे जे मूलभूत प्रकार शिकवले जातात तेही याच भेदांवर उभे आहेत. तळहात सपाट ठेवून हृदयाच्या दिशेने सावकाश फिरवण्याला पाठ्यपुस्तकात ‘एफ्ल्यूराज’ म्हणतात, स्नायू उचलून कणकेसारखा मळण्याला ‘पेट्रिसाज’, बोटांच्या टोकांनी एकाच जागी खोल रगडण्याला ‘फ्रिक्शन’ आणि हाताच्या कडेने किंवा ओंजळीने थापटण्याला ‘टॅपोटमाँ’. डोंबिवलीत बाळ-बाळंतिणीला मालिश करायला येणारी बाई यांपैकी बहुतेक प्रकार त्यांची फ्रेंच नावे न ऐकताच रोज करते. तिच्या हातात आणि ठाण्यातल्या फिजिओथेरपिस्टच्या हातात शिक्षणाचा मोठा फरक आहे, यात शंका नाही. परंतु तो फरक कोणीतरी ठरवावा लागतो, त्याची परीक्षा घ्यावी लागते, नोंद ठेवावी लागते, आणि हे काम सरकारने हाती घेण्याच्या फार आधीपासून या व्यवसायातल्या माणसांनी स्वतःचे पोटापाण्याचे काम सांभाळून, बिनपगारी केलेले आहे.

या कामाची सुरुवात लंडनमध्ये १८९४ साली झाली. त्या वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने मसाजच्या जाहिरातींआड चालणाऱ्या वेश्याव्यवसायावर लिहिले आणि रुग्णालयांत प्रामाणिकपणे मसाज करणाऱ्या परिचारिकांकडेही लोक संशयाने पाहू लागले. तेव्हा लुसी रॉबिन्सन, रोझालिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर या चौघींनी ‘सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूझेस’ म्हणजे प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापन केली. संस्थेचे नियम कडक होते: डॉक्टरच्या सांगण्याशिवाय मसाज करायचा नाही, वैद्यकीय नियतकालिकांखेरीज कोठेही जाहिरात द्यायची नाही, रुग्णाला औषधे विकायची नाहीत, आणि डॉक्टरने खास सांगितल्याशिवाय पुरुषांना सर्वांगाचा मसाज द्यायचा नाही. आज हे नियम संकुचित वाटतील. पण ज्यांच्या हातांवरच आळ आला होता, त्यांनी शुद्धतेची व्याख्या इतरांवर न सोडता स्वतः केली, हे त्यांचे मोठेपण मान्य केले पाहिजे. संस्थेने परीक्षा सुरू केल्या, १९२० मध्ये तिला राजाची सनद मिळाली आणि पुरुषांनाही प्रवेश खुला झाला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिने नावातला ‘मसाज’ शब्द काढून ‘फिजिओथेरपी’ हा शब्द घेतला. सरकारी मराठीत यालाच ‘भौतिकोपचार’, म्हणजे औषधाऐवजी व्यायाम, उष्णता, वीज आणि स्पर्श या साधनांनी केलेला उपचार, असे म्हणतात.

भारतात या विद्येला चालना मिळाली ती पोलिओमुळे. स्वातंत्र्याच्या वर्षीच फातिमा इस्माईल यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचार केंद्र काढले. त्यांची स्वतःची मुलगी पोलिओने आजारी पडली होती आणि पांगळ्या पायांना पुन्हा चालवण्यासाठी औषधापेक्षा प्रशिक्षित हातांची गरज आहे, हे त्यांना त्या धावपळीत उमगले होते. परळच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये व्यवसायोपचाराची, म्हणजे रोजच्या कामांतून अवयवांना पुन्हा कार्यक्षम करण्याच्या शास्त्राची, शाळा सुरू केली. जन्माने अमेरिकन आणि लग्नाने महाराष्ट्रीय झालेल्या या बाईंनी १९५२ मध्ये त्या व्यवसायाची अखिल भारतीय संघटनाही उभी केली आणि तिच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. पाठोपाठ त्याच केईएममध्ये जागतिक आरोग्य संघटना, सरकार आणि महापालिका यांच्या सहकार्याने फिजिओथेरपीची शाळा निघाली आणि १९५५ मध्ये ‘इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स’ची स्थापना झाली. शिक्षण आधी आणि संघटना लगेच मागोमाग, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे, कारण शाळेतून बाहेर पडलेल्या मूठभर थेरपिस्टांना रुग्णालयात नेमके कोणत्या पायरीवर उभे करायचे, याचे उत्तर त्या वेळी कोणत्याच शासकीय नियमात नव्हते.

परळ हे स्थानक मध्य रेल्वेवर आहे, आणि ठाणे, डोंबिवली व कल्याण ही मुंबईपासून अनुक्रमे सुमारे ३४, ४८ आणि ५४ किलोमीटरवरची शहरेही त्याच मार्गावर. १९८२ मध्ये ठाण्याला आणि १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवलीला महानगरपालिका आली, त्यानंतर वस्ती झपाट्याने वाढली, आणि एके काळी केवळ मोठ्या रुग्णालयात मिळणारा हा उपचार हळूहळू इमारतींच्या तळमजल्यावरच्या दोन खाटांच्या क्लिनिकांत आला. तिथे येणारा पेशंट बहुतेकदा लोकलने प्रवास करणारा असतो. खांदा आखडलेल्या, म्हणजे ‘फ्रोझन शोल्डर’ झालेल्या माणसाची तक्रार अशी असते की डब्यातली वरची कडी धरता येत नाही. बाई असेल तर पाठीमागे हात नेऊन हूक लावता येत नाही. थेरपिस्ट आधी शेक देतो, मग एका हाताने खांद्याचे पाते दाबून स्थिर ठेवतो आणि दुसऱ्याने दंडाचे हाड सांध्यात अगदी थोडे सरकवतो. ही हालचाल पाहणाऱ्याला दिसतही नाही, पण पेशंटचा श्वास आवळला की हात तिथेच थांबतो. कोपऱ्यात विजेच्या प्रवाहाने दुखणे कमी करणारे यंत्र असते, पण जाणता थेरपिस्ट त्यावर सर्व भार टाकत नाही.

दिवसाची दुसरी पाळी रात्री उशिरा संपल्यावर याच माणसाने संघटनेचे काम करायचे असते. पदे मानद असतात. सदस्यनोंदणी, वर्गणी, कार्यशाळांसाठी सभागृह मिळवणे, नव्या पदवीधरांच्या तक्रारी, रुग्णालयांतील पदांसाठी शासनाकडे निवेदने आणि चार आठवड्यांच्या शिकवणीवर स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवणाऱ्यांचा बंदोबस्त, अशी ही कामे आहेत. त्यांतले एकही काम उत्पन्न वाढवत नाही, उलट त्या वेळेत होणाऱ्या होम व्हिजिट, म्हणजे घरी जाऊन द्यायचे उपचार, बुडतात. ८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन, १९५१ मध्ये या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाल्याची आठवण म्हणून १९९६ पासून पाळला जातो. त्या दिवशीच्या मोफत तपासणी शिबिरांत ज्येष्ठ नागरिकांच्या रांगेसमोर टेबल मांडून बसणारी मंडळी बहुधा हीच असतात.

या बिनपगारी कष्टांचे सर्वात ठोस फळ म्हणजे कायदा, आणि तो फार उशिरा आला. संघटना स्थापन झाल्यावर जवळजवळ अर्ध्या शतकाने, महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद अधिनियम, २००२ झाला आणि राज्यात या व्यवसायासाठी नोंदणी करणारी वैधानिक परिषद अस्तित्वात आली. क्लिनिकच्या भिंतीवर चौकटीत लावलेला नोंदणी क्रमांक तिथून आलेला असतो. देशपातळीवर राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा २०२१ मध्ये झाला. त्यात आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे पदवी-शिक्षण ठरवून दिले आहे आणि त्याच्या अनुसूचीत फिजिओथेरपीला स्वतंत्र वर्ग मिळाला आहे. सरकारी गरजेतून हे आपोआप घडले असते असे मानणे चुकीचे ठरेल. मागणी करणारे टिकून राहिले म्हणून ते घडले.

परंतु याच प्रवासात मालिश मागे पडली. मसाज हा फिजिओथेरपीचा एक लहान भाग राहिला आणि केवळ मसाज करणाऱ्यांसाठी त्या अनुसूचीत वर्गच नाही. स्पामध्ये काम करणाऱ्या मुलामुलींना कौशल्यविकासाचे अल्पकालीन प्रमाणपत्र मिळते, परंतु त्यांच्या हाताची जबाबदारी घेणारी, त्यांच्यावर अन्याय झाला तर बोलणारी वैधानिक परिषद नाही. ठाणे, कल्याण परिसरात अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली एखाद्या स्पावर कारवाई झाल्याची बातमी येते, तेव्हा शेजारच्या प्रामाणिक केंद्रात राबणाऱ्या मुलीवरही तोच डाग पडतो. १८९४ मध्ये लंडनच्या परिचारिकांवर जे संकट आले, तेच आज तिच्यावर आहे. तिच्या पाठीशी मात्र त्या चौघी नाहीत.

बाळंतिणीच्या मालिशवाल्या बाईची स्थिती याहून एकाकी. ती पाटावर पाय पसरून बसते, बाळाला दोन्ही नडग्यांच्या मधल्या घळीत पालथे घालते, कोमट तेलाचा हात कमरेपासून मानेकडे नेते, मग टाळूवर तेल भरते. सव्वा महिना संपला की पुढचे घर तोंडी शिफारशीवर मिळते. बाळाच्या नाकाकानात तेल घालण्यासारख्या तिच्या काही रीती घातक आहेत आणि बालरोगतज्ज्ञ त्यांना सक्त मनाई करतात. मात्र तिला हे समजावून सांगण्याची रीतसर जागा कोणतीही नाही. प्रत्येक घरात ते सुनेला सासूसमोर सांगावे लागते आणि बहुतेक वेळा ते राहून जाते. शरीररचनेचा थोडा पाठ, स्वच्छतेचे नियम, वर्ज्य गोष्टींची यादी, तोंडी परीक्षा आणि नावांची एक वही, इतक्या साहित्यावर तिच्यासाठी संघटनेची सुरुवात होऊ शकते, आणि ते शिकवू शकणारी माणसे याच शहरांत क्लिनिक चालवतात. अडचण वेळेची आहे. मालिशवाल्या बाईची घरे सकाळी सातपासून दुपारपर्यंत असतात आणि थेरपिस्टची मोठी पाळी संध्याकाळी सुरू होते. दोघांनाही मोकळी सापडेल अशी रविवारची दुपार तेवढी उरते.