शेजारच्या सीटवरचा ब्रेक : गाडी शिकण्याबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मोटार ट्रेनिंग स्कूलवाल्यांच्या गाड्या पहाटेपासून रस्त्यावर दिसू लागतात. छतावर पाटी, मागेपुढे लाल ‘एल’, आत स्टिअरिंग घट्ट धरून बसलेला शिकाऊ आणि शेजारी सर. नुकती अठरा पूर्ण झालेली मुले असतात, तशा मुले मोठी झाल्यावर स्वतःसाठी वेळ काढणाऱ्या गृहिणीही असतात. उत्साह सगळ्यांचा सारखाच, आणि ऐकीव समजुतीही बहुतेक सारख्याच.

या समजुती निरुपद्रवी नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यातले ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या सदरात नोंदले गेले आहेत. वेग किती ठेवायचा, कुठे थांबायचे, कुणाला आधी जाऊ द्यायचे, हे निर्णय चालवणाऱ्याच्या डोक्यात होतात आणि त्यांची सवय पहिल्या काही आठवड्यांत लागते. म्हणून तेव्हा शेजारी कोण बसले आहे आणि ते काय शिकवत आहेत, याला फार महत्त्व आहे.

गैरसमज १ : लायसन मिळाले म्हणजे गाडी आली.

वस्तुस्थिती : आरटीओची चाचणी म्हणजे किमान पात्रतेची तपासणी. गाडी पुढे-मागे नेता येते का, वळवता येते का, चढावर मागे न घसरता निघते का, आरसे आणि इशारे वापरले जातात का, एवढे त्यात काही मिनिटांत पाहिले जाते. भर पावसात काचेवर वाफ धरल्यावर काय करायचे, रात्री समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर आले तर नजर कुठे ठेवायची, महामार्गावर लेन कशी बदलायची, यांतले काहीही चाचणीच्या आवारात तपासता येत नाही.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून किमान ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. हे ३० दिवस सरावासाठी ठेवलेले आहेत. आपल्याकडे मात्र ते तारीख उजाडायची वाट पाहण्यात जातात आणि ‘क्लासवाले सगळे बघून घेतील’ असे म्हणून सराव अर्धवट राहतो.

गैरसमज २ : पंधरा दिवस, रोज अर्धा तास, एवढे पुरते.

वस्तुस्थिती : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ३१ वा नियम स्पष्ट आहे. खासगी वापराच्या गाडीसाठी प्रशिक्षण २१ दिवसांपेक्षा कमी असता कामा नये आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास दहापेक्षा कमी असता कामा नयेत. कोणत्या विद्यार्थ्याने किती तास चालवली याची नोंदवहीही स्कूलने ठेवायची असते.

आता हिशेब करा. पंधरा दिवस रोज अर्धा तास म्हणजे साडेसात तास. त्याच गाडीत मागच्या सीटवर आणखी दोघे आपली पाळी येण्याची वाट पाहत असतील आणि त्यांना घ्यायला-सोडायला जाण्याचा वेळही तुमच्याच अर्ध्या तासात धरला जात असेल, तर हातात स्टिअरिंग किती वेळ आले ते ज्याचे त्याने मोजावे. दहा तास ही तर किमान मर्यादा झाली. सरकारने जुलै २०२१ पासून ज्या ‘मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रां’ची सोय केली, तिथला हलक्या वाहनांचा अभ्यासक्रम २९ तासांचा आहे आणि त्यातले २१ तास प्रात्यक्षिकाचे आहेत.

गैरसमज ३ : आता ड्रायव्हिंग स्कूलच लायसन देते, आरटीओत चाचणी द्यावी लागत नाही.

वस्तुस्थिती : २०२४ च्या मे महिन्यात हा संदेश मोबाइलवर खूप फिरला. १ जून २०२४ पासून असा कोणताही बदल होणार नसल्याचा खुलासा तेव्हा मंत्रालयाला करावा लागला. चाचणीतून सूट मिळते ती वर सांगितलेल्या मान्यताप्राप्त केंद्रातून अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना. त्या केंद्रांसाठी जागा, ट्रॅक आणि साधनांच्या अटी कडक आहेत. कोपऱ्यावरचे नेहमीचे मोटार ट्रेनिंग स्कूल जे प्रमाणपत्र देते त्याने चाचणी टळत नाही, आणि लायसन दोन्ही बाबतींत परिवहन खातेच देते. ‘आमच्याकडे परीक्षा नाही’ असे कुणी सांगितले, तर मान्यतेचा कागद दाखवायला सांगा.

गैरसमज ४ : घरात कुणीतरी वीस वर्षे गाडी चालवतेय, क्लासची गरजच काय?

वस्तुस्थिती : आधी कायद्याची बाजू. शिकाऊ परवान्यावर कार चालवताना शेजारी पक्का परवाना असलेली व्यक्ती असावी लागते, आणि ती गाडी नियंत्रित करू किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेली असावी लागते. ‘एल’ची पाटी पुढे आणि मागे, दोन्हीकडे हवी. विम्याच्या पॉलिसीतही चालकासंबंधीच्या कलमात शिकाऊंसाठी हीच अट घातलेली असते. ती मोडून अपघात झाला तर नुकसानभरपाईचा दावा अडचणीत येतो.

घरच्या गाडीत शेजारी बसलेल्या बाबांच्या किंवा मामांच्या हाताशी असतो फक्त हँडब्रेक. काही गाड्यांत तोही आता बटणाचा झाला आहे. ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखाली वेगळे पेडल असते, आणि अशी दुहेरी नियंत्रणाची सोय नियमानेच बंधनकारक आहे.

दुसरी बाजू शिकवण्याची. वीस वर्षे चालवणाऱ्याचे हातपाय आपोआप चालतात, त्यामुळे ‘क्लच नेमका कुठे सोडायचा’ हे त्याला दाखवता येते, पण सांगता येत नाही. मग ‘अरे, सोड ना हळूच’ एवढेच उरते आणि दोघांचाही आवाज चढतो. प्रशिक्षकासाठी नियमांनी दहावी उत्तीर्ण, किमान पाच वर्षांचा वाहन चालवण्याचा अनुभव, मोटार मेकॅनिकचे प्रमाणपत्र किंवा त्याहून वरचे तांत्रिक शिक्षण आणि वाहनाचे भाग समजावून सांगण्याची क्षमता मागितली आहे. ‘समजावून सांगणे’ ही अट मला फार मोलाची वाटते. घरच्यांची मदत जरूर घ्या, पण क्लासमध्ये पाया पक्का झाल्यावर, सरावासाठी.

मूल अठरा वर्षांचे नसेल, तर ‘कॉलनीतल्या कॉलनीत’ सुद्धा स्टिअरिंग देऊ नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १९९अ कलमानुसार अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे होईपर्यंत परवाना नाही. मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण जीव गेले आणि गाडी एका १७ वर्षांच्या मुलाने चालवल्याचा आरोप झाला. त्यानंतर तरी पालकांना हे कलम वेगळे सांगावे लागू नये.

गैरसमज ५ : सरांकडे ब्रेक आहे, म्हणजे मला छान चालवता येतेय.

वस्तुस्थिती : शिकाऊंची सर्वांत मोठी फसगत इथे होते. आठव्या-नवव्या दिवशी गाडी बंद न पडता सिग्नल ओलांडते, वळणे नीट घेतली जातात, आत्मविश्वास वाढतो. पण क्लच किती वेळा तुम्ही दाबला आणि किती वेळा शेजारून दाबला गेला? वेळेवर लागलेला ब्रेक तुमचा होता की सरांचा? सर शेजारून स्टिअरिंगलाही हात लावत होते का? घाईतला प्रशिक्षक गाडी अडू नये म्हणून स्वतःच पायाने सांभाळून घेतो आणि विद्यार्थ्याला ते कळत नाही. घरच्या गाडीत पहिल्यांदा एकटे बसल्यावर कळते, तेव्हा शेजारचे पेडल नसते.

चांगला प्रशिक्षक पाय लावला की लगेच सांगतो : ‘आत्ता ब्रेक मी दाबला. कारण डावीकडून रिक्षा निघत होती, तुमचे लक्ष नव्हते.’ पुढच्या वेळी तो थोडे थांबतो आणि निर्णय तुम्हाला घेऊ देतो. दिवसागणिक त्याचा पाय पेडलवर कमी जातो. शिकवणे पुढे सरकते आहे की नाही, हे ओळखण्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही. रोज उतरताना विचारा, ‘सर, आज तुम्ही किती वेळा पाय लावला?’ हा प्रश्न विचारायला संकोच वाटू देऊ नका.

गैरसमज ६ : ओरडणारा मास्तर असला की माणूस लवकर तयार होतो.

वस्तुस्थिती : घाबरलेल्या माणसाची नजर आखडते. तो बॉनेटच्या पुढच्या दोन मीटरकडे किंवा मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहू लागतो, नेमके जे करायचे नाही तेच. ‘ब्रेऽऽक!’ ही आरोळी चूक झाल्यानंतर येते, त्यामुळे चूक का झाली हे कळत नाही. चांगला शिक्षक आधी बोलतो : ‘पुढे शाळा आहे, आरसा बघा, तिसऱ्यावरून दुसरा घ्या.’ काही दिवसांनी तो विचारतो, ‘पुढे काय दिसतेय? काय कराल?’ आणखी काही दिवसांनी गप्प बसतो. तो शिस्तीला कडक असतो. बेल्ट लावल्याशिवाय चावी फिरवू देत नाही, रिकामा रस्ता असला तरी इंडिकेटर द्यायला लावतो. अपमान मात्र करत नाही. तुमचा प्रशिक्षक अपमान करत असेल तर दुसरा मागा.

गैरसमज ७ : क्लच-गिअर जमले की झाले, आणि ऑटोमॅटिक असेल तर शिकायचे काय?

वस्तुस्थिती : हातापायांचे काम काही दिवसांत जमते. वेळ लागतो तो वेग आणि अंतर यांचा अंदाज यायला. ताशी ३० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ८ मीटर जाते, ६० वेगाने जवळपास १७ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले आणि रस्ता कोरडा असला, तर ३० वेगाची गाडी साधारण १३ मीटरांत थांबते, ६० वेगाची साधारण ३७ मीटरांत. वेग दुप्पट झाला की नुसत्या ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त.

म्हणून पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात सेकंद मोजा. दोन सेकंद व्हायच्या आत तुम्ही त्या खांबाशी पोचलात, तर फार जवळ आहात. पावसात हे अंतर दुप्पट ठेवा. ऑटोमॅटिक गाडीलाही हेच गणित लागू आहे. वर तिची एक खोड : ब्रेकवरून पाय काढताच ती स्वतःहून पुढे सरकते. दोन्ही पेडलांसाठी उजवाच पाय वापरायची सवय पहिल्या दिवसापासून लावली नाही, तर गडबडीत ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जातो.

गैरसमज ८ : जुने जाणते सांगतात ते बरोबरच असते.

वस्तुस्थिती : काही सल्ले जुन्या गाड्यांचे आहेत, काही तेव्हाही चुकीचे होते.

‘घाट उतरताना न्यूट्रल करा, पेट्रोल वाचते.’ वाचत नाही. इंधन-इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा जवळपास बंद होतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतेच. शिवाय इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या, नियमही तोच आहे.

‘ब्रेक सोडत-दाबत मारा.’ एबीएस नसलेल्या गाड्यांसाठी हे ठीक होते. २०१९ पासून नव्या गाड्यांत एबीएस सक्तीचे आहे. तिथे संकटात ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि स्टिअरिंग वळवा. पेडल थरथरले तर घाबरू नका, ते त्याचे काम करत आहे.

‘चौकात सरळ जायचे तर चारही इंडिकेटर लावा.’ बाजूने येणाऱ्याला त्यातला एकच दिसतो आणि तुम्ही वळताय असे त्याला वाटते. ते दिवे गाडी बंद पडून रस्त्यात उभी राहिली तर लावायचे. सरळ जाताना कोणताही इंडिकेटर लागत नाही.

‘चढावर हाफ क्लचवर उभे राहा.’ क्लच प्लेट जळते. हँडब्रेक लावून थांबा, क्लच थोडा सोडा, गाडी ओढ घेऊ लागली की हँडब्रेक सोडा.

गैरसमज ९ : चाळिशीनंतर, आणि त्यातून बायकांना, जमत नाही.

वस्तुस्थिती : कायद्यात शिकायला वयाची वरची मर्यादा नाही. चाळिशीनंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते, एवढेच. मोठ्या वयात हात बसायला थोडा वेळ जास्त लागू शकतो, पण घाई कमी असते आणि ती रस्त्यावर फार उपयोगी पडते. पॉवर स्टिअरिंगच्या गाडीला ताकद लागत नाही. स्त्रियांच्या बाबतीत अडते ते सरावापाशी. लायसन येते आणि चावी घरातल्या पुरुषाकडेच राहते. दोन वर्षे हात न लागलेली कला कुणालाही विसरते. घरातल्यांनी ‘तिला जमत नाही’ म्हणण्याआधी आठवड्यातून दोनदा तिच्या हाती गाडी द्यावी आणि शेजारी गप्प बसावे.

क्लास निवडताना

पैसे भरण्याआधी चार गोष्टी पाहा. परवाना भिंतीवर लावला आहे का आणि त्याची मुदत शिल्लक आहे का? माझे दहा तास कसे मोजणार आणि नोंदवही दाखवणार का? गाडीत एका वेळी किती विद्यार्थी असतील? रात्री, गर्दीत, चढावर आणि महामार्गावर किमान एकेकदा नेणार का? सर रोज बदलणार असतील तर आधीच विचारा, कारण कालची चूक ज्याला माहीत आहे तोच आज ती दुरुस्त करू शकतो.

आणि शेवटच्या दिवसांत एक मागणी आग्रहाने करा : ‘आज पूर्ण फेरी माझ्यावर सोडा, खरा धोका असेल तरच पाय लावा.’ अशी एक फेरी, गर्दीच्या वेळची, शेजारून एकदाही ब्रेक न लागता पार पडली, की घरच्या गाडीची चावी घ्या. तोवर आणखी चार दिवस क्लास लागला, तर खुशाल लावा. त्या फीपेक्षा रस्त्यावरच्या कोणत्याही माणसाचा जीव फार मोठा आहे.