एक एचपी म्हणजे एकच घोडा?

मंडळाच्या विहिरीवरची मोटर गेल्या महिन्यात जळाली. नवी एक एचपीची घ्यावी की दोन, यावर कार्यकारिणीत बराच खल झाला आणि शेवटी एका सभासदाने विचारलंच, ‘हा घोडा मोजला कुणी?’

मोजला स्कॉटलंडच्या जेम्स वॅटने. वॅट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन खाणींतलं पाणी उपसायला वाफेची इंजिनं देत. जुन्या इंजिनापेक्षा जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा ही त्यांची कमाई. पण बऱ्याच गिरण्यांत जुनं इंजिन नव्हतंच, घोडे होते. तिथे कोळशाची बचत कशी दाखवणार? गिरणीवाल्याला एवढंच हवं होतं, की हे यंत्र माझ्या किती घोड्यांचं काम करील?

म्हणून १७८२-८३ च्या सुमारास वॅटने हिशेब मांडला. घोडा १२ फूट त्रिज्येच्या रिंगणात तासाला १४४ फेऱ्या घालतो आणि १८० पौंडांच्या जोराने ओढतो, असं धरलं. उत्तर आलं मिनिटाला सुमारे ३२,५७२ फूट-पौंड. ते त्याने ३३,००० केलं. आपल्या मापात, सेकंदाला ७६ किलो वजन एक मीटर उचलण्याइतकं काम. साधा घोडा दिवसभर एवढं करूच शकत नाही. म्हणजे माप चढतं दिलं होतं, त्यामुळे दहा घोड्यांचं इंजिन घेणारा फसत नव्हता. आम्हाला ही व्यापारातली शहाणी चाल वाटते.

पुढे शक्तीच्या एककाला वॅटचंच नाव मिळालं आणि त्याची अश्वशक्ती मागे पडली! एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. गाड्यांच्या माहितीपत्रकातला ‘पीएस’ हा मेट्रिक घोडा, तो किंचित लहान, ७३५.५ वॅटचा.

आता आपली विहीर. पाण्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत २० मीटर धरले, तर एक एचपीत कागदावर सेकंदाला पावणेचार लिटर पाणी चढतं. पंपात आणि पाइपात निम्मी शक्ती गेली असं धरलं, तरी हजार लिटरची टाकी नऊ-दहा मिनिटांत भरते. विजेचा खर्च तासाला साधारण एक युनिट. दोन एचपीची गरजच नव्हती, एकचीच घेतली.

लहानपणी मोट हाकलेल्या एका आजोबांनी मात्र बैलांचं काय, म्हणून विचारलं. चांगली बैलजोडी पाऊण ते एक एचपीच्या आसपास भरते, असं सांगितल्यावर ते म्हणाले, ‘मग आमची मोटच काय वाईट होती?’