पार्टीनंतरचे 72 तास

मुंबईत एचआयव्ही तपासणी केंद्रात मी समुपदेशक आहे. बुधवारी येणारी काही मुलं मला चेहऱ्यावरूनच कळतात. डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले. ‘ताई, हाय फन झालं होतं,’ एवढं बोलायलाच दहा मिनिटं जातात. हाय फन म्हणजे नशा करून सेक्स. समलिंगी पुरुषांच्या डेटिंग अ‍ॅपवर हे निमंत्रण सर्रास येतं. नशा एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची, नाहीतर क्रिस्टल मेथची.

ही उत्तेजकं झोप, भूक आणि भीड तिन्ही घालवतात. शुक्रवारी रात्री सुरू झालेलं रविवारपर्यंत चालतं. अंग कोरडं पडतं, दुखलेलं जाणवत नाही, कंडोम फाटला तरी पत्ता नसतो. पावडर ओढायला गुंडाळलेली शंभराची एकच नोट सगळ्यांच्या नाकात फिरते. नाकातल्या बारीक जखमेचं रक्त तिच्या कडेला लागतं. हेपॅटायटिस सी व्हायला तेवढंही पुरू शकतं. सुई वाटून घेतली तर बोलायलाच नको.

‘पण मी प्रेप घेतो ना!’ घे बाबा, उत्तमच आहे. पण संबंधांआधी घ्यायची ती गोळी एचआयव्ही थोपवते. सिफिलिस, गनोरिया नाही.

प्रेप नसेल तर पेप: संबंधांनंतर घ्यायची औषधं. ती 72 तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर तितकी बरी, सुरू करून 28 दिवस घ्यायची. इथेच सगळं हुकतं. रविवारी नशा उतरते, सोमवार-मंगळवार अंथरुणात उदास पडून जातात, आणि बुधवारी तास संपलेले असतात.

शिवाय पोलिसांची धास्ती. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, पण एमडी 2015 पासून एनडीपीएस या अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. त्याच कायद्याच्या कलम 64 ए मध्ये, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. उपचारांचं म्हणाल, तर अफू-हेरॉइनच्या व्यसनाला बुप्रेनॉर्फिनसारखं औषध असतं. मेथ-एमडीला तसं काही नाही. तिथे समुपदेशन आणि चिकाटीच लागते.

डॉक्टरमंडळींना माझं एकच सांगणं: उपदेश नंतर करा, आधी ‘किती तास झाले?’ हे विचारा. आणि मुलांनो, नशा उतरायची वाट बघू नका. एचआयव्हीसाठी 1097, व्यसनासाठी 14446. दोन्ही फोन मोफत आहेत.