धातूचें सोंग

सारीं सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग मात्र आणतां येत नाहीं, अशी आपल्यांत म्हण आहे. ज्यांनीं प्लॅस्टिकच्या वीतभर विमानावर चांदीचा रंग फांसून पाहिला असेल, ते या म्हणींत धातूचाहि समावेश करा म्हणतील. लांकडाचें सोंग वठतें, दगडाचें वठतें, कापडाचेंहि वठतें. पण ‘सिल्व्हर’ नांवाच्या डबींतलें रोगण फांसलें कीं विमान धातूचें न दिसतां जत्रेंतल्या खेळण्यासारखें दिसूं लागतें. असें कां होतें, आणि घरच्या घरीं त्यावर उपाय कोणता, हें आम्ही या लेखांत सांगणार आहों.

कल्याणच्या पुढें कर्जतच्या मार्गावरचीं उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं गांवें आमच्या डोळ्यांपुढें आहेत, आणि त्याला कारण आहे. अंबरनाथचें शिवमंदिर शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मधील. त्याचें शिखर भूमिज पद्धतीचें. म्हणजे चार बाजूंच्या चार लतांच्या मधल्या जागेंत त्याच शिखराच्या लहान लहान प्रतिकृति ओळीनें एकावर एक रचलेल्या. मोठ्या वस्तूचें रूप प्रमाणशीर लहान करून मांडण्याची हौस या मातींत साडेनऊशें वर्षांची जुनी आहे, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. पण आजचें अंबरनाथ दगडापेक्षां धातूसाठीं अधिक ओळखलें जातें. आयुधनिर्माणी आणि यांत्रिक हत्यारांचे नमुने करणारा कारखाना तेथें आहे. औद्योगिक वसाहतींतून लहानमोठ्या यंत्रशाळा तर पुष्कळच. अंबरनाथ-बदलापुराच्या कित्येक घरांतून कोणी काका, कोणी मामा जन्मभर लेथवर उभे राहिलेले असतात. कातलेलें पितळ, घासलेलें पोलाद आणि लाटलेला पत्रा त्यांना डोळे मिटून बोटांनीं ओळखतां येतो. अशा घरांत पुतण्यानें केलेलें धातूचें खोटें सोंग क्षणभर टिकत नाहीं. परीक्षक घरांतच, आणि तोहि भिडेखातर ‘वाहवा’ म्हणणारा नव्हे!

उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धांतील कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना तेथें आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या छावणीचें उल्हासनगर झालें. हुबेहूब नक्कल करण्याच्या कसबावरून या शहराची थट्टा करण्याची लोकांना संवय आहे. आम्हांस ती थट्टा पुरती पटत नाहीं. नक्कल अस्सल म्हणून खपविली तर ती लबाडी. नक्कल म्हणूनच मांडली तर ती कारागिरी, आणि त्या कारागिरीला लागणारें पाणकागद, रबिंग पॉलिश, मोटारींचे रंग हें सारें सामान याच शहरांत हवें तेवढें मिळतें. महायुद्धांत जवळच नेवाळीला धांवपट्टी बांधली गेली होती. त्या युद्धाच्या उत्तरार्धांत, १९४४ च्या सुमारास, अमेरिकेच्या विमानदलानें आपल्या बहुतेक विमानांना रंग देणेंच बंद केलें. रंगाचें वजन वाचलें, वेग किंचित् वाढला, कारखान्यांतला वेळ वांचला, आणि विमानें उघड्या अॅल्युमिनियमनें चमकत उडूं लागलीं. प्रतिकृति करणारांची पंचाईत तेव्हांपासून सुरू झाली.

आपल्या देशापुरतें बोलावयाचें तर या पंचाइतीचें नांव मिग-२१. हें विमान १९६३ मध्यें आपल्या वायुदलांत आलें. पुढें नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यांत तें तयार होऊं लागलें. पहिल्या वर्षांत तें उघड्या धातूचेंच असे. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास त्यावर हिरवे-मातकट रंग चढले, आणि तें रुपेरी रूप हळूहळू दिसेनासें झालें. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंडीगढ येथें या विमानाला वायुदलानें निरोप दिला. आतां ऊन पडल्यावर त्याचें उघडें अंग कसें दिसत होतें हें ज्यांनीं पाहिलें, ते आजोबांच्या वयाचे झाले आहेत. चौकांत उभीं केलेलीं जुनीं विमानेंहि पुष्कळदां वरून रंग फांसलेलीं असतात. तेव्हां तें रूप नातवंडांना दाखवावयाचें तर कपाटांतल्या प्रतिकृतींतच दाखवितां येईल. आणि ती खोटी निघाली तर मुलें त्या खोट्यालाच खरें समजून चालतील.

आतां मुख्य प्रश्न. साधा चांदीचा रंग कां फसतो? त्या रंगांत धातूचे बारीक बारीक चपटे कण तरंगत असतात. समजा, एक कण मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा आहे. प्रतिकृति बहात्तरास एक या प्रमाणाची असेल, तर खऱ्या विमानावर तो कण जवळजवळ दीड मिलिमीटरचा झाला. म्हणजे खऱ्या विमानावर कोणीं खडेमिठासारखी चमकी पसरली असती तर तें जसें दिसलें असतें, तसें आपलें विमान दिसतें. खरा पत्रा सलग असतो. तो प्रकाश आरशासारखा एका दिशेस परतवितो, हे कण तो दाही दिशांस उधळतात. दुसरें असें कीं, खऱ्या विमानाचे सगळे पत्रे एकाच छटेचे नसतात. एक पत्रा एका दिशेनें लाटलेला, शेजारचा आडवा. एक नवा बदललेला, एक वर्षानुवर्षें हवा खाऊन मंदावलेला. एकाच डबीनें सारें अंग रंगविलें कीं हा भेद मरतो.

या कामाला लागणारे शब्द आपल्या भाषेंत आधींपासूनच आहेत, ही मौजेची गोष्ट होय. मुलामा, बेगड आणि ओप. फवाऱ्यानें दिलेला पातळ थर हा मुलामा. चिकटविलेला पत्रा ही बेगड. आणि घासून आणलेली कांति म्हणजे ओप. तिन्हींच्या आधीं मात्र पृष्ठभाग तयार करावा लागतो, आणि येथेंच नव्वद टक्के लोकांचा धीर सुटतो. इतर रंग लहान ओरखडे झांकतात. धातु ते मोठे करून दाखवितो. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा ओरखडा खऱ्या मापांत सात मिलिमीटरची चर झाला! म्हणून सांधे भरून झाल्यावर चारशें, आठशें, हजार, दोन हजार अशा चढत्या नंबरांचे पाणकागद पाण्यांत भिजवून क्रमानें फिरवावे, आणि शेवटीं दंतमंजनाच्या पेस्टनें किंवा मोटारीच्या पॉलिशनें मऊ फडक्यावर घासावें. नंतर नुसत्या बोटानें स्पर्श करूं नये. बोटाचा तेलकट ठसा वरच्या थरांतून हमखास वर येतो.

बेगडीचा मार्ग आम्हांस सर्वांत आवडतो. गणपतीच्या मखरावर ज्यांनीं बेगड चिकटविली आहे, त्यांचा अर्धा अभ्यास झालेलाच आहे. स्वयंपाकघरांत पोळ्या गुंडाळण्याची जी अॅल्युमिनियमची पन्नी असते, ती जाडीला मिलिमीटरच्या सुमारें शंभराव्या हिश्शाएवढी. बहात्तरपट केली तर पाऊण मिलिमीटरच्या आंतबाहेर. जुन्या विमानांच्या अंगावरचा पत्रा साधारण एवढाच! त्या पन्नीची एक बाजू चकचकीत आणि दुसरी मंद कां, हें घरांतील मुलांनीं विचारलें असेल. कारखान्यांत शेवटच्या वेळीं दोन पन्न्या एकावर एक ठेवून लाटतात. जी बाजू रुळाला लागते ती उजळते, जी एकमेकींना लागते ती मंद राहते. आपल्याला याचा आयताच फायदा. एका पत्र्याला उजळ बाजू, शेजारच्याला मंद. तिसरी छटा पाहिजे असेल तर पन्नीचा तुकडा खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यांत उकळावा. अॅल्युमिनियमच्या पातेल्यांत पाणी उकळलें कीं तें आंतून काळवंडतें, हें गृहिणींना सांगावयास नकोच. तेंच येथें मुद्दाम करावयाचें.

तसबिरींच्या चौकटींना सोनेरी वर्ख लावणारे कारागीर जो चिकट रोगण वापरतात, त्याचा अगदीं पातळ हात पन्नीच्या पाठीला द्यावा आणि तो जरा आटून चिकट होऊं द्यावा. तुकडा एका पत्र्याच्या रेषांपेक्षां थोडा मोठा कापावा, मधून कडेकडे कापसाच्या बोळ्यानें दाबीत न्यावा, आणि मग नव्या पात्यानें रेषेवरून जादा भाग कापून काढावा. नाकाडासारख्या दोन्हींकडून गोल असलेल्या जागीं पन्नीला चुण्या पडतात. तेथें अरुंद पट्ट्या लावाव्या. बर्फीवरचा वर्ख न फाटतां उचलणारी एखादी आजी किंवा काकू घरांत असेल तर हें काम तिच्याकडून शिकावें. आम्हीं पाहिलेले कित्येक हौशी तरुण तिच्यापुढें हात टेकतील. मात्र मिठाईवरचा चांदीचा वर्ख विमानावर लावण्याचा मोह कोणीं धरूं नये. हवेंतल्या गंधकानें चांदी काळी पडते, आणि कारखान्यांच्या गांवीं तर लौकरच पडेल.

मुलाम्याची रीत वेगळी. त्यासाठीं एअरब्रश आणि धातूचें पातळ लॅकर लागतें, दोन्ही महाग. आधीं चकचकीत काळा रंग द्यावा आणि तो दोन दिवस तरी पुरता वाळूं द्यावा. काळा कां, असें पुष्कळजण विचारतात. वरचा थर इतका विरळ असतो कीं खालचा रंग त्यांतून डोकावतो. खालीं पांढरा असेल तर अॅल्युमिनियम दुधट दिसतें, काळा असेल तर त्याला आरशासारखी खोली येते. हवेचा दाब कमी, दर चौरस इंचास बारा ते पंधरा पौंड. आणि तीन-चार विरळ हात. एकाच जाड हातांत काम उरकणाराचें विमान पुन्हा खेळणें होतें. ज्या मुलांपाशीं यांतलें कांहींच नाहीं, त्यांनीं मऊ पेन्सिलीच्या शिशाची पूड करून मंद काळ्या रंगावर बोटानें चोळावी. तोफेची नळी, इंजिनाचा सांगाडा, पोलादी चाक यांना इतका खरा ओप दुसऱ्या कशानेंहि येत नाहीं, आणि खर्च एका पेन्सिलीचा.

जेट विमानाच्या शेपटाकडील भाग उष्णतेनें रंगलेला असतो. पोलादाला पाणी देणारा कारागीर हे रंग नेहमींच पाहतो: आधीं गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटीं निळा. उष्णता जेथें अधिक तेथें निळा, दूर गेल्यावर पिवळा. हा क्रम उलटा लावलेला आम्हीं चांगल्या चांगल्या कामांतहि पाहिला आहे. हल्लीं विमान जितकें मळकट तितकें खरें अशी एक समजूत पसरली आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. वायुदलाचीं विमानें धुतलीं-पुसलीं जातात, तीं भंगारांत पडलेलीं नसतात.

आतां जरा अप्रिय बोलणें भाग आहे. लॅकर आणि थिनर यांच्या वाफा डोक्याला व फुप्फुसांना बाधतात आणि चटकन् पेटतात. भरल्या घरांत देवापुढें निरांजन असतें, गॅसची शेगडी असते, तान्हीं मुलें व म्हातारीं माणसें असतात. फवारणी उघड्या गच्चींत, तोंडावर योग्य मुखवटा बांधून करावी. तें शक्य नसेल तर बेगडीवर समाधान मानावें. उरलेलें थिनर मोरींत ओतूं नये. अंबरनाथच्या मंदिराजवळून वाहणारी वालधुनी पुढें उल्हासनगरांतून जाते. तिचे हाल कारखान्यांच्या रसायनांनीं आधींच केले आहेत. २०१४ च्या नोव्हेंबरांत तिच्या प्रवाहांत सोडलेल्या रसायनांच्या वायूमुळें उल्हासनगरांतील शेकडों लोकांना रुग्णालयांत न्यावें लागलें. आपलें वाटीभर थिनर त्यापुढें क्षुल्लक खरें, पण तें बाटलींत सांठवून पुन्हा ब्रश धुण्यास वापरतां येतें. मग ओतावयाचेंच कशाला? पावसाळ्यांत तर लॅकरला हात लावूं नये. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरानें बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडवून धरली, तेथला पाऊस काय सांगावा! दमट हवेंत लॅकर पांढुरकें पडतें. दिवाळी उलटल्यावर होळीपर्यंतचे दिवस या कामाचे.

विमानांत ज्यांना रस नाहीं त्यांच्यासाठीं याच रुळांवरून रोज न थांबतां जाणारी दख्खनची राणी आहे. पुण्यास कोथरूडमधील जोशी यांचें १९९८ सालचें लघुरेल्वे संग्रहालय ज्या मुलांनीं पाहिलें, त्यांना हा नाद सहज लागतो. ही गाडी १ जून १९३० रोजीं सुरू झाली. डब्यांचे सांगाडे इंग्लंडांत केलेले, वरचीं शरीरें माटुंग्याच्या कारखान्यांत. सात सात डब्यांच्या दोन गाड्या, एक रुपेरी रंगाची व तांबड्या पट्ट्यांची, दुसरी गडद निळी व सोनेरी रेषांची. रुपेरी गाडीवर बेगड लावणारा मात्र चुकेल! ती धातूची नव्हती, रुपेरी रंगविलेली होती. तिला अर्धवट चमकेचा साधा रंगच शोभतो, आणि बाजारांतली डबी येथें एकदां तरी कामास येते. गाडी विजेवर चालत असल्यानें तिच्या छतावर कोळशाची काजळी दाखवूं नये. घाट उतरतांना ब्रेकच्या लोखंडाची जी तांबूस धूळ उडते, ती चाकांच्या आसपास कोरड्या ब्रशानें हलकीशी लावावी. २२ जून २०२२ पासून या गाडीला एल. एच. बी. पद्धतीचे नवे डबे लागले. त्यांचें शरीर खरोखरच स्टेनलेस स्टीलचें आहे, पण तें रंगाखालीं झांकलेलें. तेव्हां त्यांची प्रतिकृति करणारास वरच्या युक्तींपैकीं एकीचीहि गरज पडणार नाहीं.